कामाचे तास व मनुष्यत्वाचा प्रश्न

गेल्या एका पौर्णिमेस आमच्या वस्तीतील विहारात नेहमीप्रमाणे वंदना झाली, धम्मवाचन सुरू झाले, आणि मागच्या रांगेतील एक तरुण बसल्याबसल्या झोपी गेला. जवळच्या एका वडीलधाऱ्यांनी नाराजीने मान हलविली. वाचन संपल्यावर तो तरुण माझ्याकडे आला व ओशाळून म्हणाला, "काका, रागावू नका. सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडतो, रात्री साडेनऊला घरी येतो. शनिवारी घरून काम असते. दारू नाही, जुगार नाही, खोटे बोलत नाही. पण वाचायला, विचार करायला, दोन घटका शांत बसायला वेळ कोठून आणू?"

मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. "पहाटे लवकर उठत जा," असे म्हणालो असेन. परंतु घरी आल्यावर माझेच उत्तर मला खोटे वाटू लागले. जो मुलगा रात्री अकराला जेवतो त्याला पहाटे चारला उठावयास सांगणे हा उपदेश नव्हे, ती आपली पळवाट होय.

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपल्या आज्यापणज्यांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत अंगमेहनत केली. त्यांची नातवंडे शिकली आणि आज मंत्रालयात, बँकेत, विमा कचेरीत, संगणकाच्या कंपन्यांत बसली आहेत. अंगावरचा घाम गेला. पण आयुष्यातील किती तास स्वतःचे उरले, याचा हिशेब कोणी केला नाही. खुर्चीवरचे काम म्हणजे आरामाचे काम, अशी एक समजूत आहे. त्यामुळे कामगाराच्या तासांवर लढे झाले, कायदे झाले. कारकुनाच्या तासांविषयी बोलणे मात्र चैनीचे समजले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. कचेरीतील कामाचा आठवडा, पगार न कापता, कमी केला पाहिजे. आणि ही मागणी सुखसोयीची नसून नीतीची आहे.

तास कोणी कमी केले?

तास आपोआप कमी झाले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत मजूर आठवड्याचे सातही दिवस राबत असता, महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या साध्या होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर. यांतील रविवारची सुट्टी मिळावयास १८९० चा जून महिना उजाडावा लागला. आज आपण कॅलेंडरातील लाल आकड्याकडे निसर्गनियम असल्याप्रमाणे पाहतो. त्यामागे मजुरांच्या सह्या व अंगठे आहेत.

त्यानंतर कायदे आले. १९२२ मध्ये कारखान्यांत आठवड्याला ६० तासांची मर्यादा झाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती ५४ वर आली. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये ही मर्यादा ४८ तासांवर आली. बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले, असे आपल्या सभांतून अनेकदा सांगितले जाते. भक्तीपोटी आकडा फुगविण्याचे कारण नाही. मधले टप्पे आधीच्या लढ्यांनी व कायद्यांनी ओलांडले होते. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने जगासाठी ४८ तासांचे प्रमाण ठरविताना हिंदुस्थानाला मात्र ६० तासांची सवलत दिली होती. हिंदी मजुराचे आयुष्य इतरांपेक्षा स्वस्त आहे असे मानणारी ती सवलत बाबासाहेबांच्या कारकिर्दीत संपली. खरे कार्य एवढे मोठे असता खोट्या आकड्याची गरजच काय?

प्रत्येक टप्प्यावर मालकांचा आक्षेप एकच होता : तास कमी केले तर धंदा बुडेल. मुंबईच्या गिरण्या पुढे बंद पडल्या हे खरे. पण त्या रविवारच्या सुट्टीने बंद पडल्या, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता कचेरीकडे वळू. मुंबई दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा. त्यात आठवड्याचे कमाल तास ४८. त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ मध्ये आला. त्यातही ४८. या मधल्या काळात टंकलेखन यंत्र गेले, कार्बन कागद गेला, खतावण्या गेल्या. ज्या हिशेबाला चार कारकून आठवडाभर बसत तो एक माणूस दुपारपर्यंत संपवितो. यंत्राने वाचविलेले हे तास गेले कोठे? ते कामावरच्या माणसाच्या पदरात पडले नाहीत, एवढे निश्चित. उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील रोजची मर्यादा नऊ तासांवरून दहा तास करण्यास मान्यता दिली. लोखंडे यांच्या मुंबईत घड्याळाचे काटे उलटे फिरू लागले, ही गोष्ट आपण मुकाट्याने पाहावी काय?

फुरसत म्हणजे आळस नव्हे

"तास कशाला कमी हवेत? लोळायला?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेविले आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात गांधीवादाची तपासणी करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला फुरसत देते, आणि फुरसत असल्यावाचून संस्कृतीचे जीवन शक्य नाही, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. पशूचे सारे आयुष्य पोट भरण्यात जाते. माणसाला पोटापलीकडे मन आहे, आणि त्या मनाची मशागत करावयास वेळ लागतो. जो समाज बहुसंख्य माणसांना पोटाच्या कामातून मोकळेच होऊ देत नाही, तो त्यांना माणूस होऊ देत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न जातीशी बांधलेला आहे. ज्यांना नांगर धरावा लागला नाही, कातडे कमवावे लागले नाही, त्यांच्याजवळ पोथी वाचावयास दिवस मोकळा होता. ज्यांनी हे सर्व केले त्यांना अक्षर शिकण्याची बंदी तर होतीच, पण बंदी नसती तरी वेळ नव्हता. एकाची विद्वत्ता दुसऱ्याच्या दिवसावर उभी होती. म्हणून ज्ञानाच्या वाटणीचा प्रश्न हा वेळेच्या वाटणीचाही प्रश्न होय. बाबासाहेबांनी हे जाणले होते. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. कारण नोकरी करून शिकणाऱ्याला दुसरी वेळच नव्हती. एका पिढीने त्या सकाळच्या दोन-तीन तासांवर पदव्या मिळविल्या. ते तासही कचेरीने गिळले असते तर?

भगवान बुद्धांच्या शिकवणीत मनाला सर्वांत अग्रस्थान आहे. सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी ही अष्टांगिक मार्गाची तीन अंगे मनाच्या कामाची आहेत, आणि गृहस्थ उपासकाला त्यांतून सूट दिलेली नाही. पौर्णिमा, अमावास्या व अष्टमी हे उपोसथाचे दिवस गृहस्थाने नित्याच्या व्यवहारातून थोडे बाजूस होऊन स्वतःकडे पाहावे, यासाठीच आहेत. ज्याला बाजूस होण्याची मुभाच नाही त्याच्यापुढे मार्ग ठेवून काय उपयोग?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. त्याला अन्न व वेतन द्यावे. आजारपणात त्याची शुश्रूषा करावी. विशेष गोडधोड असेल ते त्याच्याबरोबर वाटून खावे. आणि योग्य वेळी त्याला कामातून मोकळे करावे. हे पाचवे कर्तव्य वाचून मी पुष्कळदा थांबलो आहे. मोकळीक ही मालकाची मेहेरबानी म्हणून सांगितलेली नाही, ती वेतनाच्या पंक्तीस बसविली आहे. याच सुत्तात कामगाराचीही पाच कर्तव्ये आहेत : मालकाआधी उठावे, त्याच्यामागून निजावे, दिले तेवढेच घ्यावे, काम चांगले करावे, त्याची कीर्ती राखावी. यांतील पहिल्या दोहोंवर त्या काळच्या घरगड्याच्या जीवनाचा ठसा आहे. ती आज जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. पण कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत, हा त्यातील गाभा अबाधित आहे. "काम चांगले करावे" हे कलम आपण विसरता कामा नये. त्याकडे पुढे येतोच.

ताणलेली तार

अलीकडे काही बड्या उद्योगपतींना देशाची फार काळजी वाटू लागली आहे. २०२३ मध्ये एकाने तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. २०२५ च्या आरंभी दुसऱ्याचे म्हणणे गाजले, ते ९० तासांचे. आठवड्यात तास १६८ असतात. झोपेचे ५६ वजा करा, ९० कामाचे वजा करा. उरले २२, म्हणजे दिवसाला तीन तास. त्यात स्नान, जेवण, प्रवास. मुंबईच्या लोकलने विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याचे तीन तास तर प्रवासातच संपतात. मग बायको, मुले, म्हातारे आईबाप, वस्ती, विहार यांच्या वाट्यास काय आले? शून्य. शून्यावर उभा राहिलेला माणूस देश काय उभारणार?

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७,४५,००० माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू पावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत अशा माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. पहिल्या शीलाचा अर्थ केवळ सुरी न उगारणे एवढाच नाही. माणूस झिजून मरेल हे ठाऊक असून त्याला झिजविणे, हेही त्या शीलाच्या कक्षेत येते.

सोण नावाच्या भिक्षूची कथा आपणास ठाऊक आहे. तळवे रक्ताळेपर्यंत तो चंक्रमण करी, तरीही मन स्थिर होईना. तो वीणा वाजविणारा होता. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला दिला : तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरीही लागत नाही. खुद्द निर्वाणाच्या साधनेतही अति ताण त्याज्य मानला गेला. मग कंपनीच्या तिमाही नफ्यासाठी तो पुण्यकारक कसा ठरेल?

दिवस घटले, तास वाढले

येथे एका फसवणुकीपासून सावध राहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्येच आला. महाराष्ट्र शासनाने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला. त्यापूर्वी दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा होता. आता सर्व शनिवार मोकळे झाले. कर्मचाऱ्यांना आनंद झाला, तो स्वाभाविक होता. पण शासनाचाच हिशेब पाहा. पूर्वी रोजचे काम ७ तास १५ मिनिटे, वर्षाचे दिवस २८८, एकूण २,०८८ तास. नव्या पद्धतीत रोजचे ८ तास, दिवस २६४, एकूण २,११२ तास. म्हणजे वर्षाला २४ तास वाढले! दिवस कमी करणे आणि काम कमी करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बेल्जियममध्ये २०२२ च्या सुधारणेने चार दिवसांचा आठवडा मागण्याचा हक्क दिला, तोही तेवढेच तास चार दिवसांत कोंबून. यात प्रवासाचा एक दिवस वाचतो, हा लाभ मी नाकारीत नाही. पण याला तास कमी करणे म्हणता येत नाही.

महाराष्ट्राच्या त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती. कर्मचाऱ्यांची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ ठरली, शिपायांची ९.३० ते ६.३०. साहेबाच्या आधी येऊन दार उघडावयाचे, साहेब गेल्यावर बंद करावयाचे. आणि अत्यावश्यक सेवा म्हणून पोलीस, अग्निशमन दल, सफाई कामगार यांना हा आठवडा लागूच नव्हता. शिपायाच्या व सफाई कामगाराच्या जागेवर बहुतेक कोण असतो, हे या पाक्षिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आपल्यातला जो शिकून अधिकारी झाला त्याला शनिवार मिळाला आणि आपल्यातला जो झाडू घेऊन राहिला त्याला मिळाला नाही, तर ती सुट्टी नव्या उतरंडीची पायरी ठरेल. कचरा रोज उचलावा लागतो हे मान्य. पण म्हणून तोच माणूस रोज हवा असे नाही. माणसे वाढवा, पाळ्या लावा. कंत्राटदाराच्या हवाली करून हात झटकू नका.

खरी कपात शक्य आहे काय? आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात राजधानीची नगरपालिका व सरकार यांनी सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले, पगार न कापता. काम बिघडले नाही. पुढे तेथील संघटनांनी करारांतून बहुसंख्य कामगारांसाठी कमी तासांचा हक्क मिळविला. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ संस्थांनी सहा महिने असा प्रयोग केला. सुमारे २,९०० कर्मचारी त्यात होते. प्रयोग संपल्यावर ५६ संस्थांनी तो पुढे चालू ठेविला. या संस्था स्वखुशीने आल्या होत्या आणि ते देश श्रीमंत आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्यांची नक्कल करा असे मी म्हणत नाही. पण कचेरीत काम किती झाले हे खुर्ची किती वेळ तापविली यावरून ठरत नाही, एवढे त्यातून नक्कीच सिद्ध होते. निरर्थक मीटिंगा, एकाच माहितीचे चार तक्ते, साहेब उठेपर्यंत कोणी उठावयाचे नाही ही दरबारी रीत, एवढे काढून टाकले तरी आठवड्याचे पाच-सहा तास सहज मोकळे होतील.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच घरातला आहे. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत. दर १४ एप्रिलला आपली मुले त्यांच्या स्मरणार्थ अठरा तास वाचन करतात. आणि तुम्ही तास कमी करा म्हणता! मी विचारतो, ते अठरा तास कोणाचे होते? ते त्यांचे स्वतःचे होते. ग्रंथ त्यांनी निवडले होते, ध्येय त्यांनी ठरविले होते. विकलेला तास आणि स्वतःचा तास यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्याचे बारा तास कंपनीने आधीच घेतले तो अठरा तासांचा अभ्यास कोठून करणार? बाबासाहेबांचे उदाहरण आपल्या मागणीच्या विरुद्ध नाही, ते तिच्या बाजूचे आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो खेड्यातील माणसाचा आहे. जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तो एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जातो, आणि टेबलामागची खुर्ची रिकामी असते. त्याला तुमच्या छत्तीस तासांचे कौतुक कशाला असेल? हा माणूस आपलाच आहे, आणि खुर्चीवरचाही कित्येकदा आपलाच असतो. येथे सिगालोवादातील "काम चांगले करावे" हे कलम लागू होते. तास कमी मागणाऱ्याने उरलेले तास प्रामाणिकपणे भरले पाहिजेत. खिडकी आठवड्याचे सहाही दिवस उघडी राहिली पाहिजे. माणसे पाळीने बदलावीत. कर्मचाऱ्याची सुट्टी आणि कचेरीची सुट्टी एकच असण्याचे कारण नाही. अर्जदाराच्या बुडालेल्या मजुरीवर जी विश्रांती मिळते ती अदिन्नादान होय, न दिलेले घेणे होय.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, कारण तो स्त्रियांचा आहे. कचेरीतून सुटलेली बाई घरी येऊन दुसरी पाळी सुरू करते. तास कमी झाले तर पुरुष कट्ट्यावर जाईल आणि बाई तुंबलेले धुणे काढील, ही भीती निराधार नाही. मोकळा वेळ हा मनुष्यत्वासाठी हवा असेल, तर घरातील अर्ध्या मनुष्यत्वाला त्यातून वगळता येणार नाही. ज्या उपासकाला शनिवार मिळाला त्याने प्रथम स्वयंपाकघरात पाऊल टाकावे, आणि पत्नीच्या हाती पुस्तक द्यावे.

उपासकापुढील प्रश्न

जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्ये लिहिले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल. ती शंभर वर्षे २०३० मध्ये पुरी होतात. यंत्रांविषयी त्याचा अंदाज फारसा चुकला नाही. माणसाच्या तृष्णेचा अंदाज चुकला. यंत्राने जे वाचविले ते लोभाने परत मागून घेतले. लोभ केवळ मालकाच्या ठायी असतो असेही नाही. जादा भत्त्यासाठी, मोठ्या गाडीच्या हप्त्यासाठी आपणही आपले तास आनंदाने विकतो आणि नंतर वेळ नाही म्हणून रडतो. म्हणून ही लढाई दोन आघाड्यांवर आहे. कायद्यात ४८ च्या जागी ४० आणि कचेरीत ४० च्या जागी ३६ यावेत, आणि ते शिपाई, सफाई कामगार, कंत्राटी कामगार यांच्यासह यावेत, यासाठी संघटनांनी झटावे. आणि मिळालेला वेळ पडद्यावर बोट फिरविण्यात न घालविता वाचनात, कुटुंबात, वस्तीतील मुलांच्या अभ्यासात, ध्यानात लावावा, यासाठी प्रत्येकाने स्वतःशी झटावे. पहिली लढाई जिंकून दुसरी हरलो, तर उद्योगपतींचे म्हणणे आपणच खरे केले असे होईल.

त्या तरुणाला मी परवा पुन्हा भेटलो आणि म्हणालो, "तुला पहाटे उठ म्हणालो, ती माझी चूक झाली. तू विहारात झोपलास यात तुझा दोष नाही. पण तुझ्या कचेरीत तुझ्यासारखे किती आहेत ते मोज, आणि त्यांच्याशी बोल." तो हसून म्हणाला, "काका, बोलायलाही वेळ लागतो." मी म्हणालो, "लोखंड्यांच्या मजुरांनाही लागला होता. त्यांनी एकेका सहीपासून सुरुवात केली."